बहुविश्वात भाकीत करायचं म्हणजे मोजायचं तरी काय?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका विज्ञान शिक्षकांनी विचारलंय: ‘चिरंतन इन्फ्लेशन खरं असेल तर अगणित विश्वं तयार होतात आणि जे जे शक्य आहे ते कुठे ना कुठे घडतंच, असं वाचलं. मग अशा सिद्धांतातून भाकीत कसलं करणार? आणि भाकीतच नसेल तर याला विज्ञान का म्हणायचं? दहावीतल्या एका मुलीनं भर वर्गात हे विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही.’

सर, त्या मुलीनं जिथे बोट ठेवलंय तिथेच या विषयातली भली भली माणसं गेली तीसेक वर्षं अडून बसली आहेत. मीही त्यांच्या मागच्या रांगेत बसून बरीच वर्षं घालवली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात व्याख्यान होतं. बोलता बोलता रंगात आलो आणि म्हणालो, ‘अनंत विश्वांत असंही एखादं विश्व असेल, जिथे मांडवी उलटी वाहते!’ पुढच्याच खुर्चीवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, ‘ती इथेही वाहते. दिवसातून दोनदा. भरतीला.’ सभागृह हसलं, मीही हसलो. घरी येताना मात्र लक्षात आलं की आजोबांचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा जास्त शास्त्रीय होतं. ‘कुठेतरी उलटी वाहते’ या माहितीचा कुणाला काही उपयोग नाही. ‘दिवसातून दोनदा’ म्हटलं की होडीवाला त्यावर आपला दिवस आखतो.

बहुविश्वाचा सगळा वाद या ‘कुठेतरी’ आणि ‘किती वेळा’ यांच्यामधला आहे. अमुक गोष्ट घडते का, हा प्रश्न अनंत विश्वांत निरर्थक होतो, तुमच्या विद्यार्थिनीचं तिथवर बरोबर आहे. उरतो तो प्रश्न किती प्रमाणात घडते हा. आणि प्रमाण काढायचं तर मोजायला हवं.

मूळ गोष्ट थोडक्यात अशी. १९८१ साली ॲलन गूथ यांनी मांडलं की विश्व अगदी कोवळं असताना सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात ते भयंकर वेगानं फुगलं. या फुगण्यालाच इन्फ्लेशन म्हणतात. रशियात अलेक्सी स्टारोबिन्स्की १९८० मध्येच वेगळ्या वाटेनं जवळपास तिथे पोचले होते. फुगवणारी ऊर्जा अवकाशातच भरलेली असते, पण ती अवस्था टिकाऊ नसते. किरणोत्सारी पदार्थाचे अणू जसे इथेतिथे फुटतात तशी ती इथेतिथे ढासळते. जिथे ढासळते तिथे फुगणं थांबतं, त्या ऊर्जेची उष्णता होते आणि आपल्यासारखं एक विश्व, एक बुडबुडा, सुरू होतं. गंमत उरलेल्या भागात आहे. किरणोत्सारी गोळ्याचं अर्धायुष्य संपलं की निम्मा गोळा उरतो. इथे अर्धायुष्य संपेपर्यंत उरलेला निम्मा भाग फुगून मूळच्या अख्ख्या गोळ्यापेक्षा कितीतरी मोठा झालेला असतो. त्यामुळे ढासळणं चालू राहतं आणि फुगणंही चालू राहतं, शेवट येतच नाही, म्हणून हे इन्फ्लेशन चिरंतन. पॉल स्टाइनहार्ट आणि अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी १९८३च्या सुमारास हे दाखवलं, आंद्रेई लिंडे यांनी १९८६ मध्ये ते आणखी व्यापक केलं. यातले स्टाइनहार्ट पुढे याच कल्पनेचे सगळ्यात कडक टीकाकार झाले. आपणच लावलेल्या झाडावर कुऱ्हाड घेऊन उभं राहायला धैर्य लागतं, मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

मराठी वाचकांसाठी एक पदरची भर घालतो. १९६६ साली फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांनी मिळून अशी कल्पना मांडली होती की विश्व मुळात फार दाट आणि स्थिर-स्थितीत आहे, आणि आपला दिसणारा प्रदेश म्हणजे त्यात उमटलेला एक विरळ बुडबुडा. इन्फ्लेशन हा शब्दही तेव्हा नव्हता. नारळीकर महास्फोटाच्या सिद्धांताचे शेवटपर्यंत विरोधक राहिले आणि तरी हे चित्र त्यांच्या त्या लेखाशी किती मिळतंजुळतं आहे!

हे बुडबुडे एकसारखे असते तर प्रश्न इतका चिघळला नसता. पण मूलकण म्हणजे थरथरणाऱ्या सूक्ष्म तारा असं मानणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांतात निर्वाताच्या, म्हणजे रिकाम्या अवकाशाच्या, असंख्य अवस्था निघतात. २००० साली राफाएल बूसो आणि जोसेफ पोल्चिन्स्की यांनी, आणि २००३ मध्ये काचरू, कॅलॉश, लिंडे आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले संदीप त्रिवेदी या चौघांनी ते दाखवलं. अवस्थांची संख्या म्हणून एकावर ५०० शून्यं हा आकडा तेव्हापासून तोंडातोंडी झाला. प्रत्येक अवस्थेत निर्वाताची ऊर्जा वेगळी, कणांची वस्तुमानं वेगळी. चिरंतन इन्फ्लेशन या सगळ्या अवस्थांचे बुडबुडे अनंत वेळा काढत राहतं.

आता या गोंधळातून निघालेलं एक खरंखुरं भाकीत पाहू. माझ्या मते आजवरचं ते एकमेव, जे निरीक्षणाच्या आधी केलं गेलं.

निर्वाताची ऊर्जा किती असावी याचा साधा अंदाज काढला तर तो प्रत्यक्षापेक्षा एकावर १२० शून्यं इतक्या पटीनं जास्त येतो. १९८०च्या दशकात बहुतेकांना वाटायचं की काहीतरी न सापडलेल्या कारणानं ती नेमकी शून्य असणार. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी प्रश्न उलटा केला. वेगवेगळ्या बुडबुड्यांत ही ऊर्जा वेगवेगळी असेल, तर ती मोजणारं कुणीतरी कुठल्या बुडबुड्यात असू शकेल? निर्वात-ऊर्जा अवकाशाला दूर ढकलते. ती फार असेल तर वायूचे ढग एकत्र येण्याआधीच पांगतात. मग दीर्घिका नाहीत, तारे नाहीत, कार्बन नाही, साखळीची शाळा नाही. त्यांनी हिशेब केला तेव्हा वरची मर्यादा आजच्या द्रव्य-घनतेच्या सुमारे ५०० पट आली. पुढचं पाऊल महत्त्वाचं आहे. मर्यादेच्या आत ही ऊर्जा अगदी शून्य असण्याचं काही खास कारण नाही, तेव्हा ती शून्य नसावी आणि मर्यादेपेक्षा फार फार लहानही नसावी.

हा लेख ३० नोव्हेंबर १९८७ला प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ डिसेंबरला, गुरुत्वाकर्षण आणि विश्वशास्त्रावरची पहिली आयसीजीसी परिषद भरली, आणि ती गोव्यात. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण गोव्यात बसून हा विषय सांगताना मला ही तारखांची जवळीक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढे ह्यूगो मार्टेल, पॉल शापिरो आणि वाइनबर्ग यांनी तोच हिशेब बारकाईनं केला. ‘मर्यादा किती’ एवढ्यावर न थांबता ‘बहुतेक निरीक्षकांना किती ऊर्जा दिसेल’ असं त्यांनी विचारलं. उत्तर आलं की त्या वेळी काही खुणांवरून सुचत होती तितकी किंवा त्याहून कमी ऊर्जा दिसण्याची शक्यता ५ ते १२ टक्के आहे. तुमच्या ४० मुलांच्या वर्गात ही दोन ते पाच मुलं झाली. म्हणजे थोडं दुर्मीळ, पण भुवया उंचावण्यासारखं नाही. आणि १९९८ मध्ये दूरच्या सुपरनोव्हांवरून दोन गटांनी दाखवलं की विश्वाचं प्रसरण खरोखरच वाढत्या वेगानं होतंय. आज हिशेब असा आहे की विश्वातली सुमारे ७० टक्के ऊर्जा या प्रकारची आहे, द्रव्याच्या दुपटीहून थोडी जास्त. २०११चं नोबेल त्या शोधाला मिळालं.

या हिशेबातला एक सांधा मुद्दाम उघडून दाखवतो, कारण वरवर वाचणाऱ्याला तो दिसत नाही. प्रत्येक अवस्थेचे किती बुडबुडे, हे माहीत नसताना शक्यता काढली कशी? उत्तर असं की निर्वात-ऊर्जेचा एकूण पल्ला प्रचंड आहे आणि निरीक्षक असू शकतील असा तुकडा शून्याजवळ नखाएवढासुद्धा नाही. एवढ्या लहान तुकड्यात कुठलीही बऱ्यापैकी गुळगुळीत वक्ररेषा सपाटच दिसणार. खाडीकाठच्या खाजन शेतात उभं राहिलं की पृथ्वी सपाट दिसते, तसं. मूळ रेषेचा आकार माहीत नसला तरी काम भागतं.

पण हे भागणं उसनं आहे. वाइनबर्ग यांनी फक्त निर्वात-ऊर्जा बदलू दिली, बाकी सगळं आपल्या विश्वासारखंच ठेवलं. सुरुवातीच्या घनतेतले चढउतार, जे आपल्याकडे लाखात एक इतके आहेत, तेही बुडबुड्यागणिक बदलत असतील तर? ते दहापट केले तर दीर्घिका फार लवकर बांधल्या जातात आणि निर्वात-ऊर्जेची मर्यादा हजारपट वर सरकते, कारण ती या चढउतारांच्या घनाच्या प्रमाणात असते. मग आपली इवलीशी ऊर्जा पुन्हा विचित्र वाटू लागते. किती गोष्टी बदलू द्यायच्या हे हिशेब करणाराच ठरवतो. तो ठरवताना आपल्याला हवं ते उत्तर येईपर्यंत ठरवत बसण्याचा मोह होतो. मला झालेला आहे.

इथवर मी मुख्य अडचण बाजूला ठेवली होती. ‘बहुतेक निरीक्षक’ म्हणजे काय? त्यासाठी रायबंदरच्या धक्क्यावर जाऊ.

समजा सकाळी रायबंदरहून मांडवीपलीकडच्या चोडण बेटाला फेरीबोटीच्या पाच फेऱ्या झाल्या. चार फेऱ्यांत दहा-दहा माणसं, आणि कचेऱ्यांच्या वेळेच्या एका फेरीत शंभर. खलाशाला विचारलं तर तो म्हणेल, ‘बोट बहुतेक रिकामीच असते, सरासरी २८ माणसं.’ प्रवाशांना विचारलं तर १४०पैकी १०० जण म्हणतील, ‘बोटीत पाय ठेवायला जागा नव्हती.’ प्रवाशांच्या उत्तरांची सरासरी काढली तर ती ७४ येते. दोघंही खरं बोलताहेत. एकानं फेऱ्या मोजल्या, दुसऱ्यांनी माणसं. विश्वांच्या बाबतीतही बुडबुडे मोजायचे की त्यांचं घनफळ की त्यांतले निरीक्षक, यावर उत्तर बदलतं. हा नियम ठरवणं म्हणजे आमच्या बोलीत ‘मेझर’ निवडणं. मी त्याला मोजणीचा नियम म्हणेन.

पाच फेऱ्यांपर्यंत निदान बेरीज तरी होते. फेऱ्या अनंत झाल्या की तीही हातातून जाते. सगळ्या पूर्णांकांत सम किती, विषम किती? निम्मे-निम्मे म्हणाल. पण मी १, ३, २, ५, ७, ४ अशी दोन विषमांमागे एक सम या क्रमानं मोजत गेलो तर एकही आकडा न गाळता विषम दोन तृतीयांश येतात. क्रम बदलला की प्रमाण बदलतं. म्हणून कुठेतरी रेषा मारून तिथवरचंच मोजायचं आणि मग ती रेषा हळूहळू पुढे सरकवायची, हा सरळ उपाय. घड्याळ लावा, ठरल्या वेळी मोजणी थांबवा, प्रमाण काढा, मग आणखी उशिरा थांबवून पाहा. शहाणपणाचं वाटतं ना? इथेच पाय घसरतो.

चोडणची फेरी दहा मिनिटं घेते असं धरू. पहिल्या क्षणी एक बोट सुटली, एका मिनिटानं दोन, दोन मिनिटांनी चार, आणि अशाच दर मिनिटाला दुप्पट बोटी सुटत राहिल्या. फुगणाऱ्या अवकाशात बुडबुडे असेच वाढतात. तासाभरानं मोजणी थांबवा आणि विचारा: सुटलेल्यांपैकी किती बोटी पलीकडे पोचल्या? गणित सोपं आहे. शेवटच्या दहा मिनिटांत सुटलेल्या अजून पाण्यातच आहेत, आणि दुपटीमुळे बहुतेक सगळ्या बोटी त्याच दहा मिनिटांतल्या आहेत. पोचलेल्या निघतात १०२४मध्ये एक. तुम्ही म्हणाल, थोडं थांबा, म्हणजे बाकीच्याही पोचतील. थांबा. दोन तास थांबा, एक वर्ष थांबा. प्रमाण १०२४मध्ये एकच राहतं, कारण तोवर नव्या बोटींचा पूर आलेला असतो. साध्या फेरीसेवेत मोजणी लांबवली की शेवटच्या काही बोटींचा फरक पुसला जातो. इथे तो कधीच पुसला जात नाही. रेषा कितीही लांब नेली तरी तिचा ठसा उत्तरावर राहतो.

आणि एकच बोट घेऊन तिच्या मागे गेलात तर? ती हमखास पोचते. प्रत्येक बोट पोचते. मग ‘बोट पोचण्याची शक्यता’ एक की १०२४व्या भागाएवढी? सिद्धांत यावर गप्प आहे. बोटी कशा सुटतात ते तो नेमकं सांगतो, मोजायचं कसं ते सांगत नाही.

आता दर मिनिटाला दुप्पट याऐवजी खरा आकडा घाला. इन्फ्लेशनमध्ये ही वाढ सेकंदाच्या १०चा उणे ३७वा घात इतक्या वेळात होते. गूथ यांनी हिशेब मांडला: एका सेकंदात विश्वांची संख्या ज्या पटीनं वाढते तिचा घातांकच एकावर ३७ शून्यं इतका आहे. मग घड्याळी नियमानं, आपल्यापेक्षा एक सेकंदानं तरुण विश्वं आपल्यासारख्या विश्वांपेक्षा त्याच अफाट पटीनं जास्त. सामान्य निरीक्षक कोण? तर जो जेमतेम घाईघाईनं उपजलाय तो. १३.८ अब्ज वर्षं वाट पाहून, निवांत सूर्याखाली, विश्वाच्या बालपणापासून उरलेलं २.७ केल्विनचं थंडगार प्रारण मोजत बसलेले आपण मग अशक्यप्राय ठरतो. याला तारुण्याचा विरोधाभास म्हणतात. गूथ यांनी मिश्कीलपणे लिहिलंय की परग्रहवासीयांचे संदेश का येत नाहीत याचं कारण कदाचित हेच असेल, आपण सगळ्यांत पहिले. पण त्यांना स्वतःला जास्त पटतं ते हे की मोजणीचा हा नियमच चुकीचा आहे.

याहून गमतीचा पेच गूथ आणि व्हिताली व्हँचुरिन यांनी २०११ मध्ये टाकला. त्यांचं उदाहरण मी गोव्याच्या सवयीनं सांगतो. बोटीत चढताना प्रत्येक प्रवासी नाणं उडवतो. छाप आला तर एक मिनिटाची डुलकी, काटा आला तर दहा मिनिटांची वामकुक्षी. नाणं खरं आहे, त्यामुळे झोपताना शक्यता निम्मी-निम्मी. जाग आल्यावर, घड्याळ पाहण्याआधी, कशावर पैज लावाल? निम्मी-निम्मीच, असं कुणीही सांगेल. पण घड्याळी नियमानं मोजा. मोजणी थांबेपर्यंत जागे झालेल्यांत डुलकीवाले आणि वामकुक्षीवाले यांचं प्रमाण ५१२ला १ येतं, कारण वामकुक्षीवाले बहुतेक अजून घोरताहेत. मधे काहीही नवी माहिती मिळाली नाही आणि शक्यता मात्र निम्म्यावरून ५१२ला १ वर गेली! बूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशाच विचारानं शब्दशः निष्कर्ष काढला होता: रेषेच्या पलीकडचं मोजायचंच नसेल तर घोरणारे कधी उठतच नाहीत असं मानावं लागेल, म्हणजे काळ खरोखर संपतो. त्यांच्या हिशेबानं पुढच्या ३.७ अब्ज वर्षांत तो संपण्याची शक्यता ५० टक्के. तो लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा त्यात चूक कुठे आहे ते सापडेना, आणि राग वाढला.

तुमची विद्यार्थिनी इथे म्हणेल, ‘मग सोडून द्या ना हा प्रकार!’ तिला थांबवा, कारण माझ्या उत्तराचा गाभा इथे आहे. घड्याळी नियमानं भाकीत केलं, ते साफ चुकलं आणि तो नियम बाद झाला. म्हणजे चूक ठरवता आली. बूसो, बेन फ्रायवोगेल आणि ई-शेंग यांग यांनी २००८ मध्ये हीच भूमिका घेतली: मोजणीच्या नियमाला इतर कुठल्याही सिद्धांतासारखं वागवा, तो साधा असावा, नेमका असावा, निरीक्षणाशी जुळावा, आणि जो जुळत नाही तो टाकत चला. मी याच बाजूचा आहे. ‘बहुविश्व’ हा नुसता शब्द काहीच भाकीत करत नाही. ‘बहुविश्व आणि अमुक मोजणी’ ही जोडी करते, आणि परीक्षा जोडीची होते.

टाकण्याचं दुसरं हत्यार म्हणजे बोल्ट्झमन मेंदू. नाव विनोदी, काम गंभीर. आपलं विश्व असंच अनंत काळ पसरत राहिलं तर रिकाम्या अवकाशातल्या क्वांटम चढउतारांतून, अतिशय क्वचित का होईना, क्षणभर टिकणारा एखादा मेंदू खोट्या आठवणींसकट तयार होईल. काळ अनंत असल्यानं असे मेंदू अनंत होतील, आणि ताऱ्यांच्या उजेडात वाढलेले आपण त्यांच्यापुढे नगण्य. ज्या मोजणीत असे मेंदू बहुसंख्य ठरतात ती बाद, कारण ती खरी असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायला लावणारे आपले प्रयोगही खोट्या आठवणीच ठरतात. डॉन पेज यांनी २००६ मध्ये यावरून असाही निष्कर्ष काढला होता की आपलं विश्व साधारण २० अब्ज वर्षांच्या आत ढासळणारं असावं.

या दोन चाळण्यांतून पार झालेले नियम आहेत. एकात घड्याळाऐवजी अवकाश किती पटीनं ताणलं गेलं ते मोजून रेषा मारतात. दुसऱ्यात एकाच निरीक्षकाच्या प्रकाश पोचू शकेल अशा आवाक्यातलंच मोजतात. पहिला वापरून दे सिमोन, गूथ, सेलम आणि व्हिलेंकिन यांनी निर्वात-ऊर्जेचं उत्तर प्रत्यक्षाच्या आसपास आणलं. दुसऱ्यानंही ते येतं. त्या हिशेबातली एक गोष्ट मला फार आवडते: निरीक्षकांऐवजी एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, मोजली तर सगळ्यात मोठा वाटा ताऱ्यांच्या उजेडानं तापलेल्या धुळीचा निघतो. जीवसृष्टीबद्दल काही न मानता, नुसत्या धुळीवरून ऊर्जेचं ठीक उत्तर येतं.

पण जे नियम उरले ते उरलेत म्हणूनच आपल्याला बरे वाटताहेत, ही शंका प्रामाणिक माणसानं बाळगायला हवी. ते तत्त्वातून निघालेले नाहीत, गाळून उरलेले आहेत. जेम्स हार्टल आणि मार्क स्रेडनिकी यांचा २००७चा आक्षेप तर मुळावरच येतो. ‘आपण सामान्य आहोत’ हे गृहीत धरायला तुम्हाला सांगितलं कुणी? गुरू ग्रहावर अब्जावधी जीव असतील असं एखादा सिद्धांत सांगत असेल, तर ‘मी गुरूवरचा नाही, म्हणून सिद्धांत चूक’ असं म्हणता येईल का? या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की सामान्य असण्याची अट पूर्ण काढून टाकली तर कुठलंच सांख्यिकी अनुमान उभं राहत नाही, अगदी आपल्या एकट्या विश्वातलंसुद्धा.

मोजणीच्या भानगडीत न पडता काही तपासता येतं का? येतं, आणि वर्गात सांगायला हेच सगळ्यात चांगलं. सिडनी कोलमन आणि फ्रँक दे लुचिया यांनी १९८० मध्ये दाखवलं की असा बुडबुडा तयार झाला तर आतल्या माणसाला अवकाशाची वक्रता ऋण दिसते, घोड्याच्या खोगिरासारखी, जिथे त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते. आतल्या फुगवट्यानं ती जवळपास सपाट होते, पण चिन्ह बदलत नाही. २०१२ मध्ये गूथ आणि यासुनोरी नोमुरा यांनी, तसंच मॅथ्यू क्लेबन आणि मार्जोरी शिलो यांनी मांडलं की उद्या दहा हजारात एकापेक्षा जास्त धन वक्रता, म्हणजे चेंडूसारखी, मोजली गेली तर चिरंतन इन्फ्लेशनचं हे चित्र मोडीत निघेल. प्लँक उपग्रहाच्या २०१८च्या निकालांत, दीर्घिकांची मोजमापं जोडून, वक्रतेचा वाटा ०.०००७ आला, त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ०.००१९. म्हणजे सध्या शून्य, कुठल्याच बाजूला कल नाही. मोजमाप अजून वीसेक पटीनं धारदार व्हायला हवं, तेव्हा खरा खेळ सुरू होईल.

शेजारचा बुडबुडा आपल्याला कधीकाळी घासून गेला असेल तर त्या २.७ केल्विनच्या पार्श्वभूमी प्रारणावर तबकडीसारखा डाग राहील, हीही एक अपेक्षा. स्टीव्हन फीनी, मॅथ्यू जॉन्सन, डॅनियल मॉर्टलॉक आणि हिरान्या पिरिस यांनी २०११ मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या नकाशांत असे डाग शोधले. पुरावा म्हणावा असं काही मिळालं नाही. (जाता जाता: या प्रारणाच्या नकाशांचं विश्लेषण करताना यादृच्छिक चढउतार स्वतंत्र घटकांत फोडण्याची जी पद्धत वापरली गेली आहे, तिच्या नावात कार्हुनेन आणि लोव्ह यांच्याबरोबर आता कोसंबी हे नावही लावतात. गोव्यात जन्मलेल्या दामोदर कोसंबींचा तो लेख १९४३चा, त्या दोघांच्याही आधीचा. मुलांना हे नक्की सांगा.)

अलीकडची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीर्घिकांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पाच्या मार्च २०२५च्या निकालांवरून निर्वात-ऊर्जा काळानुसार बदलत असावी अशी चिन्हं दिसली. सुपरनोव्हांचा कुठला संच जोडला त्याप्रमाणे ती २.८ ते ४.२ सिग्मा (निकाल निव्वळ योगायोग नसावा याची खात्री मोजायचं माप) इतकी ठळक आहेत. शोध म्हणायला ५ लागतात. पण हे टिकलं तर वाइनबर्ग यांच्या युक्तिवादाची पंचाईत आहे, कारण त्यात ऊर्जा स्थिर धरलेली आहे, आणि दीर्घिका बनायला ती इतक्या सावकाश बदलत राहण्याची काही गरज नाही. या विषयातल्या एकमेव खऱ्या भाकिताला धक्का बसू शकतो, आणि बसला तर तो निरीक्षणातूनच बसेल.

तेव्हा त्या मुलीला सांगा की तिचा आक्षेप अर्धा बरोबर आहे. आणि शक्य असेल तर बोटींचं गणित वर्गात करून घ्या. १, २, ४, ८ अशी बेरीज दहावीच्या मुलांना जमते. बहुतेकांचं उत्तर १०२४ येईल, काहींचं ५१२. ५१२वाल्यांनी अगदी शेवटच्या क्षणाला सुटलेल्या बोटी धरलेल्या नसतील. कुणाचं बरोबर यावर वर्गात भांडण लागेल. ते मिटवायला जाऊ नका, आम्हालाही ते अजून मिटवता आलेलं नाही.